पुष्पचक्रे आणि सेवा

राष्ट्राची प्रतिमा महोत्सव, शिष्टमंडळे आणि जाहिराती यांनी घडते, असा समज रूढ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाही. येथे ईट गावी आम्हांस आठवतात ते शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. तेव्हा भारताला ना स्वतःचे सरकार होते, ना स्वतःचा राजदूत. युद्धातील जखमींची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. चीनमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

ही स्मृती ताजी असतानाच १९६२ चे युद्ध झाले. पुढे उभय सरकारांनी त्यांच्या नावे टपाल तिकिटे काढली, पाहुण्यांनी पुष्पचक्रे वाहिली. तरी २०२० साली गलवानमध्ये रक्त सांडलेच. मग ती सेवा व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. व्यर्थ ठरले ते तिचे भांडवल. कोटणीसांनी जखमा बांधल्या त्या कोणाच्या प्रतिमेसाठी नव्हे. उजव्या हाताचे दान डाव्यास कळू न देण्याची प्रभूची शिकवण राष्ट्रांनाही लागू आहे, आणि धर्मग्रामांनाही. देणगीदारांचे फलक रंगविण्यापूर्वी आपण रुग्णाच्या खाटेपाशी बसावे.