जो मार्क देतो, त्याच्यापुढं कोण रडणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रविवारी वाचा. पण ज्यांच्या घरात कुणी व्हेटरनरीला आहे किंवा जायच्या विचारात आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा रात्री साडेअकराला चुलतभावाच्या मुलीचा फोन आला. व्हेटरनरीच्या चौथ्या वर्षाला आहे, घरापासून रात्रभर बसनं जावं लागतं एवढ्या लांब. मला वाटलं पैसे हवे असतील. आधी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काका, आज एका कुत्र्याला झोपवलो. इंजेक्शन मॅडमनी दिलं, पण पाय धरून शीर मी दाबलो होतो." (आमच्या बेळगाव-खानापूरकडं मुलीसुद्धा 'मी गेलो, मी केलो' असंच म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी दचकू नये.) कुत्र्याचा मालक बाहेर गाडीत बसून होता, आत आलाच नाही. कुत्रं शेवटपर्यंत दाराकडं बघत होतं. आणि दोन वाजता हिचा पुढचा क्लास होता, तिथं जाऊन बसली.

मी विचारलं, "कॉलेजात कुणाशी बोललास काय?"

"कुणाशी बोलू काका? मॅडमच व्हायवा घेतात."

या एका वाक्यावरनं मी दोन दिवस नीट झोपलो नाही. कारण हेच वाक्य मी पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मी त्याला जे उत्तर दिलं त्याची आजही लाज वाटते.

१९९६ साली मी खानापूर तालुक्यातनं व्हेटरनरीला गेलो. कॉलेज कन्नड मुलखातलं, सरकारी. नाव मुद्दाम घेत नाही. जे सांगणार आहे ते तेव्हा कुठल्याही कॉलेजात असंच होतं. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात. वर्गात इंग्रजी, हॉस्टेलात कन्नड, आणि रात्री खोलीत सिसन अँड ग्रॉसमनचं उशीएवढं जाड शरीररचनेचं पुस्तक. गावात म्हशी वळत वाढलेला मी, म्हशीच्या खांद्याच्या हाडाला इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ करताना रडकुंडीला यायचो.

इंग्रजी एकवेळ रट्टा मारून जमतं. खरी पंचाईत दवाखान्यात व्हायची. जनावर बोलत नाही, त्याच्यासाठी मालक बोलतो, आणि मालक कन्नडमध्ये बोलतो. एकदा एक म्हातारा बैल घेऊन आला आणि म्हणाला, "मेवु तिन्नवल्दु." मी केसपेपरवर इमानेइतबारे लिहिलं की बैलानं मेवा खाल्ला. 'मेवु' म्हणजे चारा, आणि म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की बैल चारा खाईना झालाय. सरांनी तो केसपेपर सगळ्या बॅचसमोर वाचून दाखवला. "यांच्याकडं बैल काजू-बदाम खातात" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. आज वाचायला गंमत वाटते, पण त्यानंतर महिनाभर मी दवाखान्यात मागच्या रांगेत उभा राहायचो.

मला वाचवलं ते एका भावसार शिंपी घरानं. ही मंडळी कर्नाटकात पिढ्यानपिढ्या आहेत. बाहेर कन्नड आणि घरात मराठी, तीही आपल्यापेक्षा निराळी, अर्धे शब्द ऐकून आपल्याला आजोबांची आठवण यावी अशी. त्यांच्या दुकानात ॲप्रन शिवायला टाकला होता. काकूंनी गाव विचारलं, मराठी ऐकली, आणि दर रविवारचं जेवण ठरून गेलं. भात, आमटी, कधी पुरणपोळी. जेवताना काकू मला कन्नड शिकवायच्या. गाय म्हणजे आकळ, म्हैस म्हणजे एम्मे, दूध म्हणजे हालु. "मेवु म्हणजे वैरण रे खुळ्या," हे त्यांनीच पदर तोंडाला लावून सांगितलं. दोन वर्षांत मी दवाखान्यात शेतकऱ्याशी गप्पा मारू लागलो. आज 'स्टुडंट सपोर्ट सर्व्हिस' म्हणतात ती माझ्यासाठी त्या काकू होत्या. मुख्य म्हणजे त्यांच्या हातात माझे मार्क नव्हते. नापास झालो ते मी आईबापाच्या आधी त्यांना सांगितलं.

आता त्या दुसऱ्याचं सांगतो. माझा रूममेट गोव्याचा, सत्तरीकडचा. गोव्यात तेव्हा व्हेटरनरी कॉलेज नव्हतं, त्यामुळं तिकडची मुलं बाहेरच्या राज्यात यायची. मला निदान सीमाभागातलं कानावर पडलेलं कन्नड होतं, त्याला तेवढंही नाही. हुशार माझ्यापेक्षा जास्त. जनावराला हात लावला की जनावर शांत व्हायचं, असा हात होता त्याचा.

तिसऱ्या वर्षी एका रात्री दवाखान्यात म्हैस आली. गर्भाशयाला पीळ पडलेला. म्हशींत हे बऱ्याचदा होतं. वासरू आत, बाहेर यायची वाट पिळलेली. अशा वेळी म्हशीला कुशीवर पाडतात, पोटावर फळी ठेवून त्यावर एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे तिला पिळाच्या दिशेनं गडगडत फिरवतात. सीनियर्सना हात कमी पडत होते म्हणून आम्हाला उठवून नेलं. दोरखंड ओढून ओढून हात सोलले. पीळ सुटला, पण उशीर झाला होता. वासरू मेलेलं निघालं. म्हैस पहाटेपर्यंत होती. तिची मालकीण, एक म्हातारी, तिच्या तोंडाशी बसून होती आणि रूममेट तिच्या शेजारी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो म्हशीला ओंजळीनं पाणी पाजत होता. पहाटे म्हैस गेली.

सकाळी आठला आमचं पोस्टमॉर्टेमचं प्रॅक्टिकल होतं. ओट्यावर तीच म्हैस.

यात कॉलेजचं चुकलं असं मी म्हणत नाही. जनावर कशानं मेलं हे उघडून बघितल्याशिवाय शिकता येत नाही, आणि शिकवणाऱ्यांनाही ती केसच होती. पण रात्री ज्या मुलानं तिला पाणी पाजलं त्याच्या हातात सकाळी सुरी देताना 'तू ठीक आहेस ना' एवढं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्री तो अंधारात म्हणाला, "माका जमना रे." मी म्हटलं, ॲडव्हायझर सरांना भेट. आमच्या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक ॲडव्हायझर असायचे, रजिस्ट्रेशनच्या कागदावर सही करणारे. तो म्हणाला, "तेच पेपर तपासतात. त्यांच्यापुढं रडू?" आणि मी शहाण्यासारखं म्हटलं, "मन घट्ट कर. आपण काय एमबीबीएसवाले आहोत काय, जनावरंच तर आहेत."

सहा आठवड्यांनी तो ट्रंक घेऊन घरी गेला, तो परत आलाच नाही.

आता माझं म्हणणं ऐका. व्हेटरनरीचा कोर्स आता साडेपाच वर्षांचा आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुली पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. या पोरांसाठी कॉलेजं काय करतात? वर्षातनं एकदा 'ताणतणाव व्यवस्थापन' म्हणून व्याख्यान. एक पाहुणा येतो, प्राणायाम करा, मोबाईल कमी बघा म्हणून सांगतो, शाल घेतो आणि जातो. भिंतीवर एक पोस्टर. समुपदेशन समिती असते, आणि तिच्यात कोण? तेच प्राध्यापक, जे इंटर्नल मार्क देतात. माणसं वाईट नसतात हो. मला चांगले शिक्षक मिळाले, त्यातल्या एकांमुळं मी आज शस्त्रक्रिया करू शकतो. पण जो मार्क देतो त्याच्यापुढं पोरगं खरं बोलणार नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. कॉलेजच्या आवारात एक तरी शिकलेला समुपदेशक असा हवा, ज्याचा परीक्षेशी आणि हजेरीशी संबंध नाही आणि ज्याची खोली डीनच्या केबिनसमोर नाही.

ही काही माझी हौस नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा पालकांनी ॲडमिशनच्या वेळी मेसचं जेवण कसं आहे हे विचारता तसं हेही विचारा. नाव काय, बसतात कुठं, आठवड्यातनं किती दिवस येतात. 'समिती आहे' असं उत्तर आलं तर समितीत कोण आहे तेही विचारा.

बाहेरच्या देशात हा धंदा मनाला किती जड जातो हे त्यांनी मोजून बघितलंय. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे चौपट, असं २०१० साली तिथल्या 'व्हेटरनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात छापून आलं. अमेरिकेतही पुढं असंच चित्र दिसलं, आणि तिथं बायकांत जास्त. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठानं २००२ पासूनच व्हेटरनरी कॉलेजात सोशल वर्करचं काम सुरू केलं. जनावर गमावलेल्या मालकासाठीही आणि ते जनावर हाताळणाऱ्यांसाठीही. आपण तेवढं लगेच करू असं नाही. पण आपली पोरं वेगळ्या मातीची आहेत, त्यांना काही होत नाही, या भ्रमात राहू नये.

शिवाय आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिकडचा डॉक्टर कुत्र्याच्या मालकाच्या दुःखानं खचतो. आपल्याकडं म्हैस मेली की घराचा महिन्याचा हप्ता मरतो, आणि म्हातारी तुमच्याकडं बघत बसते. आमच्या पोरांना हे कुणी शिकवत नाही. मालकाला 'वाचणार नाही' हे कसं सांगायचं, त्याच्या भाषेत सांगायचं, सांगून झाल्यावर स्वतः कुठं जाऊन बसायचं, यावर एक तास नाही. म्हणून दवाखान्यात मृत्यू झाला की त्या दिवशीच, अर्धा तास, त्या केसवर असलेल्या मुलांना एकत्र बसवावं. काय झालं, काय करता आलं असतं, काय करता आलं नसतं. याला पैसा लागत नाही.

भाषेचंही तसंच. परप्रांतातनं, परभाषेतनं येणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी तिथल्या शेतकऱ्याच्या बोलीचे वीस-तीस तास द्या. पुस्तकी नको, गोठ्यातली. माझ्या काकूंनी आमटी-भातावर जेवढं शिकवलं तेवढं पुरे.

आणि रेबीजची लस. कुत्रं चावल्यावर नव्हे, आधी. दवाखान्यात पाय ठेवायच्या आधी प्रत्येक मुलाला प्रतिबंधक लस मिळाली पाहिजे, कॉलेजच्या खर्चानं. आमच्यावेळी एकाला पिसाळलेल्या वासराची लाळ लागली होती आणि लशीसाठी आम्ही वर्गणी काढली होती. यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं की रक्तदाब वाढतो.

आता थोडं आपल्याच माणसांना. आपल्या मंडळांत दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. एमबीबीएसला शाल, इंजिनिअरला शाल, हल्ली सीएलाही. व्हेटरनरीला लागलेल्या पोराला कुणीतरी स्टेजवरच विचारतं, "नीटला थोडक्यात गेलं काय रे?" इकडं कन्नडमध्ये 'दनद डॉक्टर' आणि मराठीत 'ढोरांचा डॉक्टर', दोन्हीकडं तोच सूर. पोरगं घरातनंच हरल्यासारखं निघतं. मग तिथं मोडलं तर घरी कुठल्या तोंडानं सांगेल?

चार वर्षांपूर्वी पणजीला एका लग्नात रूममेट भेटला. बरा आहे. स्वतःचा धंदा आहे, पोरं शिकताहेत. गोठ्यात सहा गाई आहेत म्हणाला, आणि फोनवर त्यांचे फोटो दाखवत बसला. जेवताना मी त्या भावसार काकूंची आठवण काढली, त्या आता नाहीत. तो म्हणाला, "ठाऊक आहे. रविवारी तू न्हाऊन जायचास. मला वाटायचं, एकदा तरी म्हणशील, चल."

मी का म्हटलं नाही? एका ताटाला दुसरं ताट कसं जोडायचं याचा संकोच, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर ते घर मला एकट्याला हवं होतं.

परवा रात्री पुतणीशी सव्वा तास बोललो. जास्त तीच बोलली. तिला टेलि-मानसचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्याही पोरांच्या फोनमध्ये घालून ठेवा. पुढच्या महिन्यात रजा टाकून तिच्याकडं जाऊन येतोय.

आणि हे एक. आपल्या ग्रूपमधलं कुणाचं मूल व्हेटरनरीला असेल, कुठल्याही राज्यात, कुठल्याही वर्षाला, तर इनबॉक्समध्ये कळवा. आम्ही सात-आठ जुने लोक आहोत, कुणी सरकारी नोकरीत, कुणी निवृत्त. आमच्यापैकी कुणाच्याही हातात तुमच्या पोराचे मार्क नाहीत. रात्री फोन केला तर उचलू. ज्या शहरात ते शिकतंय तिथं आपलं मराठी घर असेल तर गाठ घालून देऊ, रविवारच्या जेवणाचं बघू. माझ्याकडं सिसनची जुनी प्रत आहे, मागचं कव्हर गेलंय पण पानं सगळी आहेत. गमबूटचा एक जोड आहे, नऊ नंबर, एकदाच वापरलेला. ज्याला लागतो त्यानं सांगा, बेळगाव स्टँडवर आणून देतो.