पास हाती, दार बंद

करमणुकीच्या उद्यानाचा पास हा काही न्यायालयात नेण्याचा विषय नव्हे, असे कोणालाही वाटेल. पण अमेरिकेतील डिस्नेलँडच्या एका पासधारकाने २०२१च्या अखेरीस कंपनीवर दावा लावला आणि ९५ लाख डॉलरच्या तडजोडीनंतरच ते प्रकरण मिटले. एवढी रक्कम देताना डिस्नेने आपली चूक मात्र मान्य केली नाही. कॅलिफोर्नियातील पासधारकांच्या मनात कित्येक वर्षे साचत आलेल्या नाराजीला या दाव्याने कायद्याची भाषा दिली. ही नाराजी केवळ भाववाढीची नाही. पैसे घेऊन नेमके काय विकले जाते, याविषयीची आहे.

अॅनाहाइम शहरातील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये दूरदूरचे पर्यटक सुटीचा आठवडा काढायला येतात. अॅनाहाइमचे उद्यान मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातील रहिवाशांना घराजवळचे वाटते. संध्याकाळी दोन तास जावे, आतषबाजी पाहावी आणि मुलांना घेऊन घरी परतावे, ही तेथील अनेक कुटुंबांची रीत. १९८०च्या दशकापासून मिळू लागलेल्या वार्षिक पासाने ती घडवली. पुढे राज्यातील रहिवाशांना पासाचे पैसे मासिक हप्त्यांनी भरण्याची सोय झाली आणि बेताच्या उत्पन्नाची कुटुंबेही पासधारकांत आली.

या रीतीला पहिला मोठा तडा ऑक्टोबर २०१५मध्ये गेला. तोवर वर्षभर कोणत्याही दिवशी प्रवेश देणारा पास ७७९ डॉलरना मिळत असे. त्याच्या जागी दोन नवे पास आले. १,०४९ डॉलरच्या पासावर वर्षभर मुभा होती. ८४९ डॉलरच्या पासावर नाताळच्या सुमाराचे दोन आठवडे वर्ज्य होते. म्हणजे पूर्वीपेक्षा ७० डॉलर अधिक मोजूनही दिवस कमीच मिळत होते. फेब्रुवारी २०१६मध्ये एका दिवसाच्या तिकिटालाही गर्दीनुसार तीन दर लागू झाले: ९५, १०५ आणि ११९ डॉलर.

मार्च २०२०मध्ये महासाथीमुळे उद्यान बंद झाले. ते बंद असतानाच, जानेवारी २०२१मध्ये, कंपनीने वार्षिक पासाची योजनाच गुंडाळली. ३० एप्रिल २०२१ रोजी दारे उघडली तेव्हा राज्याच्या नियमांमुळे आरंभी फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांनाच प्रवेश होता. ज्यांचे पास नुकतेच रद्द केले होते, त्याच शेजाऱ्यांच्या बळावर उद्यान पुन्हा उभे राहिले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘मॅजिक की’ या नावाने चार श्रेणींचे नवे पास आले. सर्वांत स्वस्त ३९९ डॉलरचा होता आणि तो केवळ दक्षिण कॅलिफोर्नियावासीयांसाठी होता. सर्वांत महाग ‘ड्रीम की’ १,३९९ डॉलरची. आता पास असला तरी तारीख आधी राखून ठेवणे बंधनकारक झाले. एका वेळी किती तारखा राखता येतील, हेही श्रेणीवरून ठरू लागले.

दाव्याचे मूळ येथेच आहे. ‘ड्रीम की’ला वर्षातील एकही दिवस वर्ज्य नाही, अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात पासधारकाला तारीख मिळेना, पण त्याच तारखेचे एका दिवसाचे तिकीट विक्रीला उपलब्ध असे. उद्यान भरलेले नव्हते. पासधारकांसाठी ठेवलेला हिस्सा तेवढा संपलेला होता. तडजोडीचा लाभ एक लाखाहून अधिक पासधारकांना मिळायचा होता आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६७ डॉलर येणार होते. दरम्यान ऑगस्ट २०२२मध्ये ‘ड्रीम की’च्या जागी १,५९९ डॉलरची ‘इन्स्पायर की’ आली. तिच्यावर नाताळचे दिवस वर्ज्य होते. दोनशे डॉलर वाढले आणि जुने आश्वासनही गेले.

यामागचे गणित लपलेले नाही. आयुष्यात एकदा येणारा पर्यटक हॉटेलात उतरतो, जेवतो, मुलांसाठी खेळणी घेतो. महिन्यातून दोनदा येणारा शेजारी पाण्याची बाटलीही घरून आणतो. २०२२मध्ये कंपनीने आपल्या आर्थिक निवेदनात डिस्नेलँडला येणाऱ्यांचे ‘मिश्रण’ प्रतिकूल असल्याचा उल्लेख केला, तेव्हा पासधारकांनी तो स्वतःवर ओढून घेतला आणि उपहासाने तेच शब्द टी-शर्टवर छापले. हिशेबनिसाच्या दृष्टीने शब्द साधे होते; पण वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसाला आपण नको असलेले गिऱ्हाईक आहोत, असे त्यातून ऐकू आले.

कंपनीची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. अॅनाहाइमचे उद्यान शहराने वेढलेले आहे. फ्लोरिडासारखी हजारो एकर जमीन तेथे नाही. पास स्वस्त आणि अमर्याद ठेवले, तर गर्दीने कोणालाच आनंद मिळणार नाही. श्रेणी हीसुद्धा डिस्नेलँडला नवी नाही. १९८२पर्यंत तेथे ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरांची कुपने होती आणि ‘ई’ कुपन सर्वांत रोमांचक सफरींचे. पण ती श्रेणी सफरीची होती; आज ती माणसाला लागली आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०१६मध्ये राजधानी, दुरंतो आणि शताब्दी गाड्यांना मागणीनुसार चढते भाडे लागू झाले, तेव्हा प्रवाशांनी अशीच कुरकुर केली होती. परंतु तेथे जास्त भाडे भरणाऱ्याला निदान ठरल्या दिवसाची जागा मिळते. पासधारक वर्षाचे पैसे आधी बांधून घेतो आणि नंतर तारखेसाठी ताटकळतो. बाजाराची सगळी अनिश्चितता अशा रीतीने ग्राहकाच्या गळ्यात पडते.

नफा वाढवण्याच्या उत्साहात काही दर जरा जास्तच आक्रमकपणे वाढवले गेले असावेत, अशी कबुली कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३मध्ये दिली. २०२४च्या आरंभी मुलांसाठी ५० डॉलरचे तिकीटही निघाले. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘इन्स्पायर की’ १,७४९ डॉलरवर गेली. दर ठरवण्याचा अधिकार कंपनीचा आहे, हे मान्य. मात्र वर्षाचे पैसे घेताना पासधारकांसाठी रोज किती जागा ठेवल्या आहेत आणि त्या संपल्यावर काय होईल, हे आधी स्पष्ट सांगणे तिला अवघड नव्हते. ते सांगितले असते, तर महाग पास परवडत नाही म्हणून लोक हळहळले असते. फसवले गेलो, असे म्हणत न्यायालयाची पायरी चढले नसते.