दोष प्रोसेसरचा, संशय ग्राफिक्स कार्डावर!

घरच्या संगणकावर खेळ ऐन रंगात आलेला असताना तो एकाएकी बंद पडला आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश झळकला, तर सर्वसामान्य माणूस काय समजेल? ग्राफिक्स कार्डात बिघाड आहे, असेच. जगभरातील हजारो संगणकधारकांनी २०२३ पासून, आणि विशेषतः २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत, हाच निष्कर्ष काढला होता. कोणी कार्ड परत केले, कोणी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवले, कोणी खेळ बनविणाऱ्या कंपनीला दूषणे दिली. प्रत्यक्षात दोष होता तो ज्याच्यावर सहसा कोणीच संशय घेत नाही, त्या प्रोसेसरमध्ये.

इंटेलच्या तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आले. त्यांतील अव्वल ‘कोअर आय-९’ ५.८ ते ६ गिगाहर्ट्‌झ वेगाचे, सुमारे ५८९ डॉलर किमतीचे. खेळांचे शौकीन नेमके हेच घेतात. हा वेग गाठण्यासाठी प्रोसेसरला क्षणाक्षणाला कमी-अधिक व्होल्टेज लागते आणि किती लागते, ते तो स्वतःच मदरबोर्डाकडे मागतो. ही मागणीच चुकीची होत होती. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज आणि त्याच्या जोडीला उष्णता यांमुळे प्रोसेसरमधील घड्याळाचे ठोके पोहोचविणारे मंडल अकाली झिजू लागले. स्थिर चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज त्यामुळे हळूहळू वर सरकते आणि काल चालत असलेला प्रोसेसर आज त्याच वेगाला चुकू लागतो.

मग संदेश व्हिडिओ मेमरीचा का? ‘अनरिअल इंजिन’वर बांधलेले अनेक खेळ सुरू होताना दाबून ठेवलेली माहिती उलगडतात आणि शेडर तयार करतात. या कामी प्रोसेसरचे सारे गाभे एकदम जुंपले जातात. उलगडताना एखादा बिट जरी चुकला तरी पुढचे गणित कोलमडते आणि इंजिन त्या अपयशाला हाताशी असलेले नाव देऊन मोकळे होते. संगणक कोठे पडला, एवढेच संदेश सांगतो. त्याला कोणी ढकलले, ते सांगत नाही. माहिती उलगडणारी ‘ऊडल’ ही प्रणाली बनविणाऱ्या रॅड गेम टूल्सने ही गडबड सॉफ्टवेअरची नसून हार्डवेअरची असल्याचे जाहीरपणे नोंदविले. प्रोसेसरच्या वेगाचा गुणक थोडा उतरवून पाहा, उदाहरणार्थ ५५ चा ५३ करा, असा उपायही सुचविला. एप्रिल २०२४ मध्ये एन्व्हिडियाने आपल्या ड्रायव्हरसोबतच्या टिपणात, तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर असलेल्यांनी या तक्रारीसाठी इंटेलकडे जावे, असे सांगून टाकले. कार्ड बनविणाऱ्यानेच ‘आमच्याकडे येऊ नका’ म्हणण्याची वेळ आली होती!

दुरुस्तीच्या रूढ पद्धतीचा येथे कस लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा एखाद्या तालुक्याच्या गावी, हँग होणारा पीसी दुकानात गेला की क्रम ठरलेला असतो. आधी विंडोज फॉरमॅट, मग रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसणे, मग एसएमपीएस बदलून पाहणे आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड. या क्रमाला हसण्याचे कारण नाही. रॅमचा सैल संपर्क, दमलेला एसएमपीएस, धुळीने बुजलेला पंखा हे खरोखरच नेहमीचे गुन्हेगार आहेत. प्रोसेसर मात्र या यादीत शेवटी येतो, बहुधा येतच नाही. कारण ‘प्रोसेसर एक तर चालतो किंवा चालत नाही’ ही धारणा कारागिरांच्या पिढ्यांनी अनुभवातून बनविलेली आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीने नेमकी तीच खोटी ठरविली.

रॅमचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. रॅमचा वेग वाढविणारी ‘एक्सएमपी’ ही सोय बंद केली की कधी कधी झिजलेला प्रोसेसरही काही दिवस बरा चालल्यासारखा वाटतो आणि दोष रॅमच्या माथी मारला जातो. म्हणून रॅमची चाचणी रात्रभर स्वतंत्रपणे चालवून तिला आधी निर्दोष ठरवावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की सारा शोध फुकट जातो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने पडणाऱ्या नोंदी हार्डवेअरकडे बोट दाखवितात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, यापलीकडे काहीच सांगत नाही. तरीही अनेक जण ती पाहून एसएमपीएस बदलतात. भार टाकणाऱ्या चाचणीवरही विसंबता येत नाही. सर्व गाभ्यांवर एकसारखा जड भार पडला की प्रोसेसर आपला वेग आपोआप उतरवितो. तासभराची अशी परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रोसेसर खेळ सुरू होताना मान टाकू शकतो. गुणक दोन पायऱ्या खाली आणल्यावर बंद पडणे थांबते का, हीच त्यातल्या त्यात बिनखर्चाची आणि बोलकी चाचणी ठरली.

अर्थात, खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे दुसरा प्रोसेसर बसवून पाहणे. दुकानात ते शक्य असते, मोठ्या कंपनीत सहज शक्य असते. घरात सुटा, त्याच सॉकेटचा प्रोसेसर कोण ठेवतो? शोधाचे ओझे अशा रीतीने ज्याच्याकडे साधने सर्वांत कमी, त्याच्याच खांद्यावर येते. म्हणूनच हा बिघाड ओळखण्यात निर्णायक ठरले ते घरगुती ग्राहक नव्हेत, तर ज्यांच्याकडे बंद पडण्याच्या नोंदी हजारोंनी जमा होतात ते खेळांचे निर्माते. ‘पाथ ऑफ टायटन्स’ बनविणाऱ्या ऑल्डरॉन गेम्सने जुलै २०२४ मध्ये जाहीर तक्रार करून आपले सर्व्हर एएमडीवर हलविण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा प्रकरण खऱ्या अर्थाने चव्हाट्यावर आले.

इंटेलचा या काळातील पवित्रा तपासण्याजोगा आहे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचा रोख मदरबोर्ड उत्पादकांवर होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. आपला बोर्ड चाचण्यांत पुढे दिसावा म्हणून अनेक उत्पादक वीजमर्यादा मुळातच सैल ठेवीत होते. पण वर्षानुवर्षे चाललेल्या या प्रथेकडे इंटेलनेही काणाडोळा केला होता. आकडे चांगले दिसत तेव्हा श्रेय प्रोसेसरलाच मिळे. जूनमध्ये तापमानाशी निगडित एक चूक सापडली. २२ जुलैला चुकीच्या व्होल्टेज-मागणीची कबुली आली आणि ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टपलीकडच्या मागणीला लगाम घालणारा ‘०एक्स१२९’ हा मायक्रोकोड. मूळ कारणाचा संपूर्ण खुलासा व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. मे २०२५ मध्ये, हलक्या कामावर दिवसेंदिवस चालू राहणाऱ्या संगणकांसाठी आणखी एक दुरुस्ती द्यावी लागली.

त्याहून खटकणारी बाब वेगळीच. तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरांत निर्मितीच्या वेळीच आतील जोडण्यांचे ऑक्सिडीकरण झाले होते. हा वेगळा दोष २०२३ मध्ये दूर केल्याचे इंटेलने सांगितले; पण सांगितले ते जुलै २०२४ मध्ये. मधल्या काळात ज्यांच्या संगणकांत असे प्रोसेसर होते त्यांना त्याचा थांगपत्ता नव्हता. एखादा ग्राहक तेव्हा दुकानदाराशी, कार्डविक्रेत्याशी, खेळाच्या निर्मात्याशी भांडत बसलेला असू शकतो, हे कंपनीला ठाऊक नसेल असे म्हणणे कठीण आहे.

या संदर्भात १९९४ च्या पेन्टियम प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेव्हा प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी भागाकारातील चूक दाखवून दिली. आपल्याला या चुकीची झळ पोहोचते हे ज्याने सिद्ध करावे त्यालाच चिप बदलून मिळेल, अशी इंटेलची आधीची भूमिका होती. वर्षअखेरपर्यंत ती टिकली नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर झाले आणि त्यापोटी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला. पण पेन्टियमची चूक त्या प्रत्येक चिपमध्ये सारखी होती, ती कोणालाही साध्या भागाकाराने पडताळता येत होती. या वेळचा दोष प्रत्येक प्रोसेसरमध्ये वेगळ्या वेळी, वेगळ्या प्रमाणात उगवतो. समान पुरावा नाही, म्हणून समान मागणीही उभी राहत नाही. इंटेलने सरसकट प्रोसेसर परत बोलावले नाहीत, यामागे हेही एक कारण असावे.

त्याऐवजी ऑगस्ट २०२४ मध्ये वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. डबाबंद प्रोसेसरची मूळची तीन वर्षे धरता ती पाच होते, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेल्या प्रोसेसरवरील हक्क ऑक्टोबर २०२७ पर्यंत शाबूत राहतो. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली झीज भरून काढीत नाही. बायोस अद्ययावत करूनही बंद पडणे सुरूच असेल तर प्रोसेसर बदलून घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही. डबाबंद प्रोसेसर घेतलेला ग्राहक थेट इंटेलकडे जाऊ शकतो. डब्याविना मिळणारे ‘ट्रे’ प्रोसेसर आणि तयार संगणक यांबाबत मात्र इंटेल विक्रेत्याकडे वा संगणक बनविणाऱ्याकडे बोट दाखविते. असेंबल्ड पीसी घेताना थोडे पैसे वाचविण्यासाठी ट्रे प्रोसेसर स्वीकारलेल्या आणि पक्के बिल न घेतलेल्या ग्राहकाच्या हाती, दोष नेमका सापडल्यानंतरही, दुकानदाराच्या शब्दाखेरीज काही उरत नाही.