घरगुती यंत्रें : उष्ण वाऱ्याची बंदूक

देवघराच्या दाराचा गतवर्षीं दिलेला रंग फुगला, म्हणून तो काढण्यास आम्हीं ‘हीट गन’ आणविली. तिचा वारा ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पण ज्वाळा दिसत नाहीं. मुलांस तें केस वाळविण्याचें यंत्रच वाटतें! काम होतांच आम्हीं बटण बंद करून ती खालीं ठेविली, आणि दुसऱ्याच मिनिटाला नातवाचीं बोटें नळीवर पोळलीं. दोष सर्वस्वीं आमचा. आतां शेवटीं कांहीं मिनिटें गार वारा सोडून मगच बटण बंद करतों. आंतील तारेचें वेटोळेंही त्यानें टिकतें. मागील जाळीची धूळ प्लग काढून झाडावी. २००० वॅटांस सुमारें ९ अँपिअर लागतात, तेव्हां १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. रंगांतील शिशावर मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे २०१७ सालीं अंमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाचा धूर मुलांस विषासमान ठरूं शकतो, तेथें हें यंत्र लावूंच नये.