भोंगा वाजला तर जायचे कुठे?

मस्तिस्लाव चेर्नोव्ह यांचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ हा 2024 मध्ये ऑस्कर मिळालेला माहितीपट पुण्याजवळच्या चाकण-भोसरी औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी जरूर पाहावा. युक्रेनवरच्या 2022च्या रशियन आक्रमणात तळघरांत जीव मुठीत धरून बसलेली माणसे, लेकरे त्यात दिसतात. मारियुपोल शहरातल्याच अझोवस्टाल पोलाद कारखान्याखालच्या बंकरांत शेकडो नागरिकांनी आसरा घेतला. काहींनी तर जवळपास दोन महिने.

 

हल्ल्याचा भोंगा आपल्याकडेही वाजू शकतो: 7 मे 2025च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत पिंपरी-चिंचवडही होते. पण एका दिवसाचा सराव पुरेसा नाही. महापालिका आणि एमआयडीसीने सुरक्षित तळघरे हेरून त्यांची माहिती प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावावी.