अनुदानाची वाट मझौलीपर्यंत

पदवीच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र फळ्यावर नव्हे, प्रयोगातून शिकावे, या हेतूने जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ‘स्टार कॉलेज’ योजना आणली. पुढे ग्रामीण महाविद्यालयांचा स्वतंत्र गटही झाला. तरीही प्रस्तावांच्या स्पर्धेत सुसज्ज विभागच सरस ठरणार. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या तहसिलीत प्रस्ताव लिहिणार कोण, हा खरा प्रश्न आहे. २०२३ च्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या ‘अनुसंधान’ प्रतिष्ठानाची आखणी पाच वर्षांत ५० हजार कोटींची. त्यातील सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून अपेक्षित होते. उद्योगांचा पैसा नामांकित संस्थांकडेच वळतो. म्हणूनच सरकारी वाट्यातील ठरावीक हिस्सा तहसिलींतील पदवी महाविद्यालयांसाठी राखून ठेवण्याचा आग्रह संसदेने धरला पाहिजे. अन्यथा गुणवत्तेच्या नावाखाली भूगोलच निवडला जाईल.