विदर्भ पाहिजे साऱ्यांना, मत देते कोण?

पारावर बसलेल्या दहा जणांना विचारून पाहा, वेगळा विदर्भ पाहिजे का? सात-आठ जण तरी ‘पाहिजेच ना बाप्पा’ म्हणतील. मग त्याच दहा जणांना विचारा, मागच्या निवडणुकीत विदर्भवादी उमेदवाराला मत किती जणांनी दिलं? सारे चिलमीकडे पाहतील. तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक मंडळींना मात्र हे विचारू नका, त्यांची नोकरी आहे.

मागणी काही काल-परवाची नाही. फाजल अली आयोगानं 1955 साली आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा, अशी शिफारस केली होती. त्याआधी 1953 साली नागपूर करार झाला, त्यात नोकऱ्यांत आणि खर्चात लोकसंख्येप्रमाणे वाटा देण्याची कबुली होती. त्या कबुलीचं काय झालं, ते दांडेकर समितीनं 1984 साली अनुशेषाच्या आकड्यांत मांडून दाखवलं. सिंचनाचा अनुशेष म्हणजे काय, हे कोरडवाहू कापूसवाल्याला समितीनं सांगायची गरज नव्हती. पुढं 1994 साली वैधानिक विकास मंडळं आली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदतही संपली.

म्हणजे कारण खरं आहे. लोकांनी कधीच मत दिलं नाही असंही नाही. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे 1962 साली विदर्भाच्या नावावर नागपुरातून लोकसभेत गेले. 1971 साली देशभर इंदिरा गांधींची लाट होती. त्या लाटेतही यवतमाळचे जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरची जागा जिंकून आले. मात्र 1980 साली हेच धोटे त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले! इथंच खरी गोम आहे. लोकांनी माणूस पाहून मत दिलं, आणि माणूस गेला तिकडं मत गेलं. गावात पक्ष म्हणून मागं काही उरलंच नाही.

पुढं धोटेंनी 2002 साली विदर्भ जनता काँग्रेस काढली. बनवारीलाल पुरोहित 2004 साली विदर्भ राज्य पक्षाकडून नागपुरात उभे राहिले आणि पडले. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनी 2016 साली महाधिवक्तापद सोडून विदर्भ राज्य आघाडी उभी केली. माणसं मोठी, कळकळ खरी. पण पेट्या फोडल्या की हाती भोपळा.

मोठ्या पक्षांचं बरं चालतं. भाजपनं 1997 साली भुवनेश्वरला छोट्या राज्यांचा ठराव केला. 2000 साली छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड झाले. 2014 साली विदर्भातल्या 62 पैकी 44 जागा त्यांना मिळाल्या, मुख्यमंत्रीही नागपूरचाच झाला. राज्य मात्र झालं नाही. काँग्रेसवाल्यांनी हसायचं कारण नाही, त्यांचेही किती पुढारी विरोधात असले की विदर्भवादी होतात आणि मंत्रिपद मिळालं की संयुक्त महाराष्ट्रवादी!

आता पैनगंगेच्या पलीकडं पाहा. तेलंगण प्रजा समितीनं 1971 साली लोकसभेच्या दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी काँग्रेसमध्ये विरून गेली. तिथंही आपल्यासारखंच झालं होतं. पण 2001 साली निघालेल्या तेलंगण राष्ट्र समितीनं सुरुवातच स्थानिक निवडणुकांपासून केली. विधानसभेत 2004 साली तिच्या 26 जागा आल्या, 2009 साली दहाच उरल्या, तरी दुकान बंद केलं नाही. आमदार-खासदार राजीनामे देऊन पुन्हा पुन्हा पोटनिवडणुकीला उभे राहिले, काही वेळा पडलेही. 2 जून 2014 रोजी राज्य झालं. (त्याच पक्षानं 2022 साली नावातलं ‘तेलंगण’ काढून ‘भारत’ घातलं आणि 2023 साली सत्ता गमावली, हा भाग वेगळा.)

आपल्याकडचा विदर्भवादी काहून पडते? तुमची डीपी जळते ऐन पऱ्हाटीला पाणी द्यायच्या वेळी. तेव्हा फोन कोणाला करता? ज्याचा माणूस पंचायत समितीत आहे, सेवा सोसायटीत आहे, बाजार समितीत आहे, त्याला. फॉर्म भरायच्या आठवड्यात झेंडा घेऊन येणाऱ्या उमेदवाराचा नंबरही तुमच्याकडं नसतो. मग मत त्याला कसं जाईल? मतदार बेइमान आहे असं शहरातले काही विदर्भवादी म्हणतात, ते मला पटत नाही. मतदार हिशेबी आहे, आणि कर्जात बुडालेल्या माणसानं हिशेबी असूच नये का?

वेगळ्या राज्यानं कापसाला भाव वाढून मिळेल, असं मी म्हणणार नाही. हमीभाव दिल्लीत ठरतो. पाटाचं पाणी, नोकऱ्या, विजेचे दर यांचा निर्णय मात्र राज्यात होतो. तेवढ्यासाठी ज्यांना हे राज्य पाहिजे, त्यांनी पुढची लोकसभा राहू द्यावी. सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत विदर्भाच्या नावावर उभं राहावं आणि पडल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहून डीपीसाठी वीज कचेरीत बसावं. सरपंच मंडळींनी ग्रामसभेत ठराव घ्यायलाही कुणाची मनाई नाही. येत्या निवडणुकीत एखादा विदर्भवादी दारात आला, तर त्याला राज्याचं नंतर विचारा. आधी विचारा, निकालानंतर कुठं भेटशील?